'स्टार्व्ड' म्हणजे उपाशी मेला नव्हे : इंग्रजीतल्या मरणशब्दांची उलथापालथ

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. यॉर्कशरमधल्या एका शेतकरी घराण्याची जुनी पत्रं एक भाषांतरकार ताई मराठीत आणताहेत. पत्रं १६६० च्या दशकापासून पहिल्या महायुद्धापर्यंतची आहेत. अडीचशे वर्षांत माणसं पुष्कळ गेली, आणि दर दोन पिढ्यांनी ती 'जाण्याचे' शब्द बदलले. ताईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. जुने इंग्रज रोखठोक 'डाइड' म्हणत आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून 'पास्ड अवे'सारखे मवाळ शब्द आले, असं त्यांना कॉलेजात शिकवलं होतं. ते खरं का? दुसरं, १७४० च्या हिवाळ्यातल्या एका पत्रात मेंढपाळाचा पोरगा माळावर 'स्टार्व्ड' सापडला असं आहे, पण पुढच्याच ओळीत त्याच्या झोळीत पाव तसाच होता असंही आहे, हे कसं? आणि तिसरं, मराठीत सगळीकडे सरळ 'वारले' लिहिलं तर चालेल का?

मी तीसेक वर्षं इंग्रजी भाषेचा इतिहास शिकवला आणि त्याहून अधिक वर्षं भाषांतरं करते आहे. दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीच्या दोन्हींची किल्ली त्यातच आहे.

तो पोरगा उपाशी मेला नाही, थंडीनं मेला. १७४० चा हिवाळा ब्रिटनमध्ये भयंकर कडक होता आणि उत्तर इंग्लंडच्या बोलीत 'स्टार्व्ड' म्हणजे गारठलेला, थंडीनं गेलेला. तिथली जुनी माणसं अगदी अलीकडेपर्यंत नुसती हुडहुडी भरली तरी हाच शब्द वापरत. लंडनच्या प्रमाण भाषेत तोपर्यंत 'स्टार्व्ह' भुकेला बांधला गेला होता. एकच शब्द, दक्षिणेत भूक आणि उत्तरेत थंडी. कारण दोघांच्याही मागे तिसराच, मोठा अर्थ होता : नुसतं मरणं.

हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मरण्यासाठी साधं क्रियापद होतं 'स्टेओर्फान'. जर्मनमध्ये त्याचा भाऊ 'श्टेर्बन' आजही नुसतं 'मरणं' याच अर्थानं जिवंत आहे. १४ व्या शतकात चॉसर हा कवी ख्रिस्ताच्या क्रुसावरच्या मरणासाठीही याच क्रियापदाचं रूप वापरतो, तिथे भुकेचा काही संबंध नाही. पुढे 'भुकेनं स्टार्व्ह होणं', 'थंडीनं स्टार्व्ह होणं' असं म्हणता म्हणता भूक आणि थंडी शब्दाच्या आत जाऊन बसली. आपण दुपारी जेवायला उशीर झाला की म्हणतो, "भुकेनं मेले गं." मे महिन्यात म्हणतो, "उकाड्यानं मेलो." उद्या या वाक्यातले 'भुकेनं' आणि 'उकाड्यानं' हे शब्द गळून गेले आणि 'मेले' याचा अर्थच भूक लागली असा झाला, तर जे होईल तेच इंग्रजीत झालं. आणि उकाड्याचंही झालंच आहे. जुन्या इंग्रजीत मरण्याचं दुसरं क्रियापद होतं 'स्वेल्टान'. त्याचा वंशज 'स्वेल्टर' आज फक्त उकाड्यानं जीव कासावीस होणं एवढंच सांगतो. तिसरं होतं 'क्वेलान', मरणं; त्याच्याच घरातलं 'क्वेल्लान', ठार करणं, या दोघांत फरक एका 'ल'च्या द्वित्ताचा. त्यातलं दुसरं आज 'क्वेल' म्हणून उरलंय आणि दंगा शमवण्यासाठी वापरतात.

म्हणजे इंग्रजीची मरण्याची आपली अशी तीन क्रियापदं होती. एक भुकेला गेलं, एक उकाड्याला, एक दंगलीला. मग रोखठोक समजलं जाणारं 'डाय' आलं कुठून?

बाहेरून. 'डेथ' हे नाम आणि 'डेड' हे विशेषण जुन्या इंग्रजीत होतं, पण 'डाय' हे क्रियापद त्या काळच्या उपलब्ध लेखनात सापडत नाही. ते १२ व्या-१३ व्या शतकात कागदावर दिसायला लागतं, आणि बहुतेक अभ्यासक त्याचं मूळ व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतल्या 'देय्या' या क्रियापदात पाहतात. ७९३ साली लिंडिसफार्नच्या मठावर धाड घालणारे हे लोक पुढे उत्तर आणि पूर्व इंग्लंडात शेती करून राहिले, सोयरिकी केल्या, आणि त्यांच्याकडून इंग्रजीनं 'दे' हे सर्वनाम, 'टेक' हे क्रियापद, 'एग', 'नाइफ', 'हजबंड', 'इल' असे रोजच्या घरातले शब्द घेतले. त्यातच मरणही घेतलं. इतका घरचा शब्द परक्याकडून कसा घेतील, असं वाटेल. पण आपण मयताला जातो तेव्हा अरबी शब्द उच्चारतो हे आपल्या ध्यानातही येत नाही. शेजाऱ्यांच्या सोबत राहिलं की शब्द उंबऱ्याशी थांबत नाहीत.

आता पहिला प्रश्न. जुने इंग्रज रोखठोक होते का? आल्फ्रेड राजा ८९९ साली वारला. अँग्लो-सॅक्सन बखरीत त्याची नोंद आहे आणि तिथे क्रियापद आहे 'गेफोर'. शब्दशः अर्थ : गेला. बिशपांसाठी आणि राजांसाठी तीच बखर पुन्हा पुन्हा 'फोर्थफेर्दे' लिहिते, म्हणजे पुढे निघून गेले, प्रस्थान केलं. हे 'डाय' इंग्रजीत रुळण्याच्या कितीतरी आधीचं. 'पास अवे'सुद्धा व्हिक्टोरियाच्या साडेतीनशे-चारशे वर्षं आधीपासून आहे; मध्ययुगात जीव शरीरातून पार होतो ही कल्पना सगळ्यांच्या मनात होती आणि शब्द तिथून आला. तेव्हा तुम्हाला शिकवलं ते उलटं आहे. मवाळ शब्द आधीपासूनच होते. बदलत गेलं ते एवढंच, की कुठला शब्द मवाळ वाटतो.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण 'डिसीज्ड'. कोर्टात, पोलीस पंचनाम्यात, विम्याच्या अर्जात हा शब्द इतका कोरडा झालाय की त्याला कधी काळी हळुवारपणा होता हे कुणाला पटणार नाही. त्याचं मूळ लॅटिन 'देसेस्सुस', म्हणजे निघून जाणं. खुद्द रोमन लोक 'मोर्स' हा थेट शब्द टाळायला तो वापरत. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला, वकिलांच्या हाती लागला आणि दगड झाला. आपल्याकडे 'मयत'चं काय झालं आठवा : "मयत इसम नामे अमुक अमुक." 'डिमाइज'चा प्रवास तर उलट्या दिशेचा. १६ व्या शतकात तो जमीनजुमला दुसऱ्याच्या नावे करण्याचा कायदेशीर शब्द होता. राजा मेला की राज्य वारसाकडे जातं, त्या हस्तांतराला 'डिमाइज ऑफ द क्राउन' म्हणत. पुढे लोकांनी हस्तांतर सोडून दिलं आणि मरण तेवढं ठेवलं.

आणि 'मोर्स'? त्याचं नातं आपल्याशी आहे. लॅटिन 'मोर्स', इंग्रजी 'मर्डर', संस्कृत 'मृत्यू', मराठी 'मरण', सगळ्यांचं मूळ एकच. इंग्रजीत या मुळाचा अस्सल देशी शब्द खुनापुरता आक्रसला. उरलेले 'मॉर्टल', 'मॉर्च्युअरी', 'मॉर्टगेज' हे फ्रेंच-लॅटिनच्या वाटेनं आले. शेवटचा म्हणजे 'मेलेलं तारण'. घराचे हप्ते भरताना कुणाला त्यातलं मढं दिसत नाही, तसंच 'डेडलाइन' म्हणताना अँडरसनव्हिल दिसत नाही. १८६४ साली अमेरिकेतल्या यादवीत तिथल्या तुरुंगछावणीत कुंपणाच्या आत एक रेघ होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. त्या छावणीत सुमारे १३,००० माणसं मेली. वर्तमानपत्रांनी तो शब्द उचलला तो २० व्या शतकात. माझ्या हाताखालची मुलं दिवसातून दहा वेळा "मॅडम, डेडलाइन पुढे ढकला ना" म्हणायची, आणि मला दर वेळी ती रेघ आठवायची.

आता तुमच्या पहिल्या गठ्ठ्याकडे, १६६० च्या दशकाकडे. तुम्ही लिहिलंय की लंडनला कामाला गेलेल्या भावाच्या पत्रात 'चिल्ड्रन डेड ऑफ टीथ' असं आहे आणि तुम्ही ते वाचनातली चूक समजून सोडून दिलंत. सोडू नका. लंडनमध्ये त्या काळी दर आठवड्याला मृत्यूंचं छापील पत्रक निघे, 'बिल्स ऑफ मॉर्टॅलिटी'. त्याच्या पाठीवर मथळा असे, 'द डिसीजेस अँड कॅज्युअल्टीज धिस वीक', आणि खाली आजारांची वर्णानुक्रमे यादी. माहिती आणायच्या त्या बहुतेक म्हाताऱ्या बायका. त्यांना 'सर्चर' म्हणत. घरोघर जाऊन त्या प्रेत बघायच्या, घरच्यांना विचारायच्या आणि कारण सांगायच्या. त्यांच्यापाशी डॉक्टरकी नव्हती, डोळे होते आणि ऐकीव शहाणपण होतं. म्हणून त्या यादीतले शब्द आजाराचे नाहीत, दिसण्याचे आहेत. 'टीथ' म्हणजे दात येण्याच्या वयात गेलेली मुलं. 'क्रिझम' म्हणजे पहिल्या महिन्याच्या आतलं बाळ. बाप्तिस्म्याच्या वेळी गुंडाळतात त्या पांढऱ्या कापडाचं नाव त्या बाळाला लागलं, कारण ते कापडच त्याचं कफन व्हायचं. 'रायझिंग ऑफ द लाइट्स' वाचून कुणी दिवे पेटवेल, पण 'लाइट्स' म्हणजे फुप्फुसं. छातीत काहीतरी वर आल्यासारखं होऊन श्वास कोंडणं. 'ग्राइपिंग इन द गट्स' म्हणजे पोटात मुरडा. 'प्लॅनेट' म्हणजे ग्रहाचा फटका. धडधाकट माणूस अचानक कोसळला की. 'फ्रायटेड' म्हणजे घाबरून मेला. 'ग्रीफ' म्हणजे दुःखानं. आणि 'एज्ड', बस्स, म्हातारपण.

ही पत्रकं समोर ठेवून मी वर्गात अर्धा तास नुसती वाचून दाखवायची. मुलं आधी हसायची आणि मग गप्प व्हायची. १६६५ च्या प्लेगच्या वर्षी याच पत्रकांनी प्लेगचे ६८,५९६ मृत्यू नोंदवले. सप्टेंबरच्या एका आठवड्यातच ७,१६५. प्लेग म्हटलं की घर बंद केलं जायचं, म्हणून खरे आकडे याहून जास्त असणार. नातेवाईक त्या बायकांना दुसरं कारण सांगायला लावत. तुमच्या पत्रातली पोरंही 'टीथ'नं गेली की तशी सांगितली गेली, हा संशय तळटीपेत जरूर मांडा. भाषांतरात मात्र "दात येताना गेली" एवढंच ठेवा, कारण लिहिणाऱ्याला तेवढंच म्हणायचं होतं.

'कन्झम्प्शन' याच यादीतला. शरीर आतून खाल्लं जातं, म्हणून तो शब्द. आपला 'क्षय' अगदी त्याच नजरेनं घडलाय. तिथे 'टीबी' किंवा 'क्षयरोग' न लिहिता 'क्षयानं' लिहा, त्या रोगाच्या जंतूंचा शोध १८८२ सालचा आहे. आणि मथळ्यातली 'कॅज्युअल्टी' म्हणजे योगायोग, अपघात. नंतर ती लष्करात गेली आणि मेलेल्या-जखमी सैनिकांची गणती झाली. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात रात्री माणूस नेला की "कॅज्युअल्टीत न्या" म्हणतात. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या लंडनचा शब्द आपल्या वॉर्डबॉयच्या तोंडी आहे.

१८ व्या शतकाच्या पत्रांमध्ये तुम्हाला 'डिपार्टेड धिस लाइफ' आणि 'इट हॅथ प्लीज्ड गॉड टु टेक' सतत भेटेल. दोन्ही चर्चच्या प्रार्थनापुस्तकाच्या वळणाचे. या 'डिपार्ट'ची एक गंमत सांगायलाच हवी. १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात लग्नाच्या शपथेत 'टिल डेथ अस डिपार्ट' असं होतं, म्हणजे मरण आपल्याला वेगळं करेपर्यंत. 'डिपार्ट' तेव्हा वेगळं करणं होतं. पुढच्या शंभर वर्षांत तो शब्द 'निघून जाणं' याकडे इतका कलला की वाक्य कळेना. म्हणून १६६२ च्या आवृत्तीत 'टिल डेथ अस डू पार्ट' केलं. आज इंग्रजी सिनेमातल्या प्रत्येक लग्नात ही दुरुस्ती ऐकू येते.

यांच्यासाठी मराठीत शोध घ्यायची गरज नाही. पेशवाईतल्या पत्रांत 'देवाज्ञा झाली' जागोजागी आहे. काळही तोच, घरातली श्रद्धाही तीच, आणि लिहिणाऱ्याचा हातही तसाच सवयीचा. 'इट हॅथ प्लीज्ड गॉड'ला 'देवाज्ञा झाली' यापेक्षा चांगलं काही मला सुचलेलं नाही. मात्र 'कैलासवासी' आणि नावामागचं 'कै.' नको. यॉर्कशरच्या शेतकऱ्याला कैलासावर पाठवू नका. 'ख्रिस्तवासी' मराठी ख्रिस्ती समाजात रुळलेला आहे. तो चालेल, पण फक्त जिथे मूळ लेखक धार्मिक स्वरात लिहितोय तिथे.

बायबलच्या १६११ च्या भाषांतरातला 'गेव्ह अप द घोस्ट' तुमच्याकडे आजीच्या पत्रात आलाय, तो गंभीर आहे. 'घोस्ट' तेव्हा भूत नव्हतं, प्राण होता. "प्राण सोडला" हे तंतोतंत. आजचा इंग्रज हाच वाक्प्रचार धुलाईयंत्रासाठी वापरतो, जसं आपण "गाडीनं मान टाकली" म्हणतो. तुम्ही आजच्या इंग्रजीचा कान लावून वाचलंत तर त्या आजी थट्टा करताहेत असं वाटेल. त्या मुलाच्या उशाशी बसून लिहीत होत्या.

थट्टेचे शब्द वेगळेच होते आणि घरच्या पत्रांत ते सहसा येत नाहीत. 'किक द बकेट' १७८५ साली फ्रान्सिस ग्रोझनं आपल्या रांगड्या बोलीच्या कोशात नोंदवला. त्यातली बादली बादली नसून डुक्कर टांगायची तुळई असावी असं बरेच जण मानतात. असे शब्द आले तर 'ढगात गेला', 'खपला' आपल्याकडे आहेतच.

१९ व्या शतकात खरा बदल झाला तो धंद्यामुळे. तोवर मरण घरात होई आणि उत्तरक्रिया शेजारीपाजारी करत. 'अंडरटेकर' म्हणजे मुळात कुठलंही काम अंगावर घेणारा, ठेकेदार. १७ व्या शतकाच्या अखेरीपासून तो अंत्यविधीचा ठेकेदार झाला, आणि एकदा त्या शब्दाला प्रेताचा वास लागल्यावर बाकीच्या ठेकेदारांनी तो टाकून दिला. मग खुद्द अंडरटेकरांनाच तो नकोसा झाला. अमेरिकेत 'फ्युनरल डायरेक्टर' आला आणि १८९५ साली 'मॉर्टिशियन' घडवला गेला, 'फिजिशियन'च्या चालीवर, म्हणजे डॉक्टरच्या रांगेत बसायला. पेटीचंही तेच. 'कॉफिन' मूळ ग्रीक शब्दाप्रमाणे टोपली. मध्ययुगातल्या स्वयंपाकाच्या टिपणांत तो मांस भरून भाजतात त्या 'पाय' नावाच्या पदार्थाचं कणकेचं कवच आहे. १६ व्या शतकात तो प्रेताच्या पेटीवर स्थिरावला. १९ व्या शतकाच्या मध्यात अमेरिकी विक्रेत्यांनी तो बाजूला सारून 'कास्केट' आणला, म्हणजे दागिन्यांची पेटी. नॅथनिएल हॉथॉर्न या अमेरिकी लेखकानं १८६३ साली या शब्दावर छापील आग पाखडली, की असल्या शब्दामुळे पुरलं जाण्याची कल्पनाच आणखी किळसवाणी होते. मला त्याचा राग पटतो. दुःखात बुडालेल्या माणसाला वस्तू महाग विकण्यासाठी शब्द मऊ करायचा, हा मवाळपणा प्रेमातून आलेला नाही, आणि भाषांतरकारानं हा फरक ओळखला पाहिजे. आल्फ्रेडच्या बखरकाराचं 'गेले' आणि विक्रेत्याचं 'कास्केट' एका मापानं मोजू नये.

जाळण्याचा शब्द याच शतकात बदलला आणि त्यात एक धागा कोल्हापूरचा आहे. करवीरचे राजाराम महाराज १८७० साली इंग्लंड पाहून परतताना फ्लॉरेन्सला वारले, वय अवघं विशीचं. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. तिथे आजही त्यांची छत्री आहे. त्या वेळी ख्रिस्ती युरोपात प्रेत जाळणं हे नवल होतं. 'बर्न' म्हटलं की त्यांना पाखंडी म्हणून जाळलेली माणसं आठवत. म्हणून १८७४ साली इंग्लंडमध्ये दहनाचा पुरस्कार करणारी संस्था निघाली तेव्हा तिनं नावात लॅटिन वळणाचा 'क्रिमेशन' घेतला. १८८४ साली वेल्समधल्या विल्यम प्राइस या वृद्ध डॉक्टरवर आपल्या तान्ह्या मुलाला अग्नी दिल्याबद्दल खटला झाला आणि दहन बेकायदा नाही असा निकाल लागला. पुढच्याच वर्षी वोकिंगला दाहगृह सुरू झालं. आपल्याकडेही 'जाळलं' कानाला खटकतं आणि 'अग्नी दिला' खटकत नाही.

थडग्यावरच्या दगडांवर हा सगळा बदल एका फेरफटक्यात दिसतो. सर्वात जुन्या शिळांवर 'हिअर लायथ द बॉडी ऑफ', म्हणजे सरळ देह. मग 'डिपार्टेड धिस लाइफ'. व्हिक्टोरियन काळात 'फेल अस्लीप', म्हणजे झोपी गेला. तो बायबलमधलाच, आणि 'सिमेट्री'चा मूळ ग्रीक अर्थही निजण्याची जागा असाच. मग १९१४ येतं आणि दगडांवरून क्रियापदच नाहीसं होतं.

पुण्यात असाल तर खडकीच्या युद्धस्मशानभूमीत जाऊन या. एका मापाचे दगड, नाव, हुद्दा, तारीख. 'डाइड' नाही, 'फेल' नाही, तारीख पुरे. खाली घरच्यांना स्वतःची एक ओळ कोरून घेता येई. पहिल्या महायुद्धानंतर तिला मर्यादा होती ६६ अक्षरांची, मोकळ्या जागा धरून, आणि सुरुवातीला ब्रिटनमधल्या कुटुंबांना अक्षरामागे साडेतीन पेनी मागितले जात. विचार करा, एखादी आई बोटांवर अक्षरं मोजतेय. ज्यांची ओळख पटली नाही त्यांच्या दगडावर 'नोन अन्टू गॉड' आहे. ते शब्द किपलिंगनं निवडले. मुंबईत जन्मलेल्या या लेखकाचा स्वतःचा मुलगा १९१५ साली लूसच्या लढाईत गेला आणि त्याचा देह बापाला मिळाला नाही.

तुमच्या शेवटच्या गठ्ठ्यात दोन आवाज आहेत ते वेगळे ठेवा. लष्कराच्या छापील पत्रात 'किल्ड इन अॅक्शन' आणि 'डाइड ऑफ वून्ड्स' या नोंदीच्या संज्ञा आहेत : "लढाईत ठार", "जखमांमुळे मृत्यू". तिथे 'धारातीर्थी पडला' घालू नका, कारकुनाला तो सूर नव्हता. त्याच मुलाच्या मित्राच्या पत्रात 'गॉन वेस्ट' आहे. सूर्य जिकडे बुडतो तिकडे गेला. तिथे 'मावळला' लिहून पाहा. खंदकातली पोरं मित्राला 'मेला' म्हणू शकत नव्हती आणि चर्चचे शब्द त्यांच्या तोंडी येत नव्हते, म्हणून त्यांनी आपापले शब्द केले.

एक शब्द मात्र मुद्दाम निराळा काढते, कारण तुमच्या १७९० च्या पत्रात 'सेल्फ-मर्डर' आहे. 'सुइसाइड' हा शब्दच इंग्रजीत १७ व्या शतकातला. त्याआधी 'स्वतःचा खून' असंच म्हणत आणि कायदा तसंच वागवत होता. मालमत्ता जप्त होई, देह चौरस्त्यावर पुरला जाई. चौरस्त्यावरचं दफन १८२३ मध्ये थांबलं, इंग्लंड आणि वेल्समध्ये गुन्हा हा शिक्का १९६१ मध्ये पुसला. 'कमिट' हे क्रियापद गुन्ह्याचं, म्हणून आता तिथले जाणकार 'डाइड बाय सुइसाइड' म्हणायला सांगतात. त्या जुन्या पत्रात मात्र तुम्हाला 'आत्महत्या'तली 'हत्या' ऐकू येऊ द्यावी लागेल. लिहिणाऱ्या भावाला तीच ऐकू येत होती, आणि शेत जप्त होईल ही भीतीही.

आजचं सांगते आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर येते. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या काकूंचे मोठे दीर लेस्टरला वारले. तिकडच्या एका पेन्शन कार्यालयाला काकूंच्या मुलानं लिहिलं, 'माय अंकल एक्स्पायर्ड ऑन' अमुक तारखेला. उत्तर आलं की कृपया कोणत्या कागदपत्राची मुदत संपली ते कळवावे. काकू तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या आणि रडल्या. त्या मुलाची चूक नव्हती. 'एक्स्पायर' म्हणजे शेवटचा श्वास बाहेर टाकणं, फार सुंदर शब्द. आपल्याकडे तो आदरानं वापरतात, मराठीतसुद्धा "बाबा एक्स्पायर झाले" म्हणतात. ब्रिटनमध्ये तोच शब्द दुधाच्या पिशवीवर आणि पासपोर्टवर राहिलाय. मी त्याला नवं पत्र करून दिलं आणि त्यात 'डाइड' लिहिलं. तो मला म्हणाला, "काकू, असं कसं लिहायचं, मेले असं?" त्याच्या कानाला 'डाइड' म्हणजे 'मेला'. इंग्रजाच्या कानाला ते 'वारले' इतकं सभ्य आहे. किंबहुना आज तिथे वारं फिरलंय. डॉक्टरांना शिकवतात की नातेवाइकांना सांगताना 'डाइड' हाच शब्द वापरा, 'पास्ड' किंवा 'लॉस्ट' म्हटलं तर सुन्न झालेल्या माणसाला कळतच नाही काय झालं ते.

राजवाड्याचे शब्दही पाहा. १९३६ साली पाचवे जॉर्ज जाताना वैद्यांनी लिहिलेलं वाक्य रेडिओवरून गेलं : महाराजांचं आयुष्य शांतपणे शेवटाकडे चाललं आहे. लय अशी की देश रडला. पन्नास वर्षांनी त्या वैद्यांची टिपणं बाहेर आली. राजाला मॉर्फिन आणि कोकेन टोचून शेवट त्यांनीच लवकर आणला होता, सकाळच्या प्रतिष्ठित वर्तमानपत्रात बातमी यावी हा विचारही त्यात होता. ८ सप्टेंबर २०२२ ला एलिझाबेथ राणी गेली तेव्हा निवेदनात होतं 'डाइड पीसफुली'. साधं 'डाइड'. आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं होतं 'ओल्ड एज'. लंडनच्या त्या म्हाताऱ्या बायकांनी 'एज्ड' सांगितलं असतं.

म्हणून सगळीकडे 'वारले' चालणार नाही. कोण, कुणाला, कुठल्या वर्षी लिहितंय ते पाहून 'डाइड' कधी 'वारले' होईल, कधी 'गेले', तर लष्कराच्या कागदावर 'मृत्यू'. आणि तो मेंढपाळाचा पोरगा : "पोर माळावर गारठून मेलेलं सापडलं, झोळीतला पाव तसाच होता." तिथे 'वारला' नकोच. बारा वर्षांच्या पोराला त्या घरात कुणी 'वारला' म्हटलं नसतं.